औषधाच्या काट्यावर तोललेली काडतुसं

सिग्नी ऑफ्टेडालच्या हाताला वजन कळतं, असं नॉर्डबी गावात सगळेच म्हणत. वयाच्या सतराव्या वर्षी ती मिस्टर क्वामे यांच्या औषधाच्या दुकानात लागली आणि पुढची एकतीस वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत उभी राहून तिने पुड्या बांधल्या. क्वामे म्हातारा कडक होता. पहिल्याच आठवड्यात तिने घाईघाईत तोललेली पुडी त्याने तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली होती.

"पोरी, काटा थांबायच्या आधी तू थांबलीस," तो म्हणाला होता. "काट्याला घाई नसते. ज्याला असते त्याने दुसरं काम बघावं."

सिग्नीने दुसरं काम बघितलं नाही. तिने घाई सोडली. पुढे बाटलीबंद तयार गोळ्यांचे दिवस आले, पुड्या बांधायचं काम संपलं आणि १९७० साली दुकानच बंद झालं. जाताना क्वामेने आपला काचेच्या पेटीतला काटा आणि मखमलीत बसवलेली पितळी वजनं तिच्या हवाली केली. तो काटा तिच्या दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी जाऊन बसला. रविवारी ती दोन्ही पुसायची.

तिचा नवरा लॉयड गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करायचा. आडव्या अंगाचा, हसरा माणूस. त्याच्या हातात पाना द्या, बंद पडलेलं काहीही चालू करून दाखवेल. पण बारीक काम दिलं की त्याची बोटं एकमेकांत अडकायची. हे त्याला स्वतःला मान्य नव्हतं.

१९७१ सालच्या ऑक्टोबरात लॉयडने एका हरणावर गोळी झाडली. ती लागायला हवी होती खांद्यामागे, लागली पोटात. ते जनावर तसंच पळत सुटलं. मोंटानाच्या आमच्या भागात आडोसा असा नाहीच, नुसतं गवत आणि गुडघाभर झुडपं. त्यामुळे त्याला आणि सोबत आलेल्या सिग्नीला ते बराच वेळ दिसत राहिलं, पळताना, थांबताना, पुन्हा पळताना. अडीच मैल माग काढल्यावर एका ओघळीत ते बसलेलं सापडलं. लॉयडने दुसरी गोळी घालून त्याचे हाल संपवले आणि डोक्यावरची टोपी काढली.

परतताना गाडी सिग्नी चालवत होती.

"ही रायफल मी विकून टाकतो," लॉयड म्हणाला. "नळीच वाकडी असणार तिची. तो ट्रॅक्टरवाला ड्वाइट रस्क मला कधीचा सांगतोय."

"नेम नीट धरला होतास?"

"चर्चमध्ये बसल्यासारखा धरला होता."

"मग काडतूस?"

"काडतुसाला काय धाड भरलीय? मी स्वतः भरलंय."

सिग्नीने गिअर बदलला. "म्हणून तर विचारतेय."

आमच्याकडे बरेच जण काडतुसं घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकून देत नाही. तिच्या बुडात नवी ठिणगीची टोपी बसवायची, वरून मापाने दारू ओतायची, तोंडाशी शिशाची गोळी दाबून बसवायची, की काडतूस पुन्हा उभं राहिलं. लॉयड हे काम गॅरेजमध्ये, रेडिओवर बेसबॉल ऐकत करायचा. दारू मोजायला त्याच्याकडे एक पत्र्याचा चमचा होता. आपल्या संघाला चांगली धाव मिळाली की चमचा जरा वरपर्यंत भरला जायचा.

त्या दिवशी संध्याकाळची भांडी आवरल्यावर सिग्नीने काटा दिवाणखान्यातून उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

"दहा चमचे भर," ती नवऱ्याला म्हणाली. "रोज भरतोस तसेच. माझ्याकडे बघू नकोस."

त्याने भरले. तिने एकेक तोलला आणि दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे लिहिले. औषधं तोलायची ती ज्या ग्रेन नावाच्या बारीक मापात, त्याच ग्रेनमध्ये बंदुकीची दारूही मोजतात, हे तिला तोवर माहीत नव्हतं; कळलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. दहांतले दोन चमचे काही एकसारखे निघेनात.

"हे औषध असतं ना लॉयड," तिने पेन्सिल खाली ठेवली, "तर निम्मे रोगी गेले असते आणि उरलेल्यांना काहीच फरक पडला नसता."

लॉयडने आकड्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे रायफल विकायची नाही?"

"आधी चमचा टाकायचा."

"तू आता मला काडतुसं भरायला शिकवणार?"

"शिकवत नाहीये रे. बाजूला सारतेय."

लॉयड मनापासून हसला आणि खरोखरच बाजूला झाला. हा त्याचा मोठा गुण होता.

त्या हिवाळ्यात सिग्नीने दारूच्या कारखान्याने छापलेलं कोष्टकांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचून काढलं. कुठल्या गोळीमागे किती दारू चालते, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सगळं त्यात दिलेलं होतं. पुष्कळ जण थेट शेवटच्या आकड्याकडे उडी घेतात. जास्त दारू म्हणजे जास्त वेग, आणि जास्त वेग म्हणजे मर्दानगी, असा त्यांचा हिशेब. सिग्नीने तो शेवटचा आकडा औषधाच्या बाटलीवरच्या विषाच्या खुणेसारखा मानला. ती खालच्या टोकापासून निघाली आणि पायरी-पायरीने वर सरकली. प्रत्येक पायरीची पाच काडतुसं, प्रत्येक पाचांची वेगळी डबी, डबीवर चिठ्ठी.

दारूआधी तिने पुंगळ्या हातात घेतल्या. त्या कुठकुठून जमा झालेल्या होत्या, काही लॉयडच्या, काही त्याच्या भावाच्या, काही कुणाच्या कोण जाणे. तिने त्या वजनाप्रमाणे वेगळ्या केल्या, लांबीला सारख्या कापल्या, बुडातली काजळी टोकदार सळईने खरवडून काढली. लॉयडच्या मते हे निव्वळ वेड होतं.

"दात घासतेस का त्यांचे?" तो दारातून विचारायचा.

"तुझ्यापेक्षा बरे दात आहेत."

वसंतात बर्फ वितळल्यावर दोघं जुन्या खडीच्या खाणीत जाऊन शंभर यार्डांवर कागद लावायची. झाडायचं कुणी, हा प्रश्न आला. लॉयडला रायफलचा धक्का बसायच्या आधीच खांदा आकसायची सवय होती. सिग्नीने लहानपणी बापाच्या शेतात पीक पोखरणाऱ्या खारी मारल्या होत्या. तिने वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली, श्वास अर्धा सोडला आणि चाप असा हळू मागे घेतला की आवाज झाला तेव्हा ती स्वतःच दचकली. पहिल्या डबीच्या पाच भोकांवर लॉयडचा पंजा ठेवला तर ती कशीबशी झाकली जात होती. चौथ्या डबीच्या पाचांवर अंडं ठेवता आलं असतं. तिथे ती थांबली, दारू तेवढीच ठेवली आणि गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते केसाकेसाने बदलून पाहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम होता. दोन बदलल्या आणि सुधारणा झाली, तर आभार कुणाचे मानायचे?

जूनमध्ये पाच गोळ्यांचा झुबका कोटाच्या बटणाएवढा झाला. लॉयडने तो कागद घडी करून खिशात घातला आणि कोठारावर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला दाखवला.

"वाकडी नळी," तो म्हणायचा. "बघा, किती वाकडी आहे."

तो कागद फिरत फिरत ड्वाइट रस्कपर्यंत पोचला. ड्वाइट ट्रॅक्टर विकायचा. चाळिशीच्या आतला, देखणा आणि बोलायला तयार. काउंटीच्या रायफल क्लबची सहाशे यार्डांची स्पर्धा त्याने सलग चार वर्षं जिंकली होती. रायफलीत त्याला खरी गती होती, हे त्याचे शत्रूही मान्य करत. पण आपल्याला गती आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"शंभर यार्डांवर माझी सासूसुद्धा मारते," तो लॉयडला म्हणाला. "बायकोला म्हणावं, सहाशेवर या. तिथे पुड्या बांधून भागत नाही."

लॉयडने हे घरी येऊन सांगितलं. सिग्नी बटाटे सोलत होती.

"सहाशे म्हणजे किती लांब?" तिने विचारलं.

"आपल्या दारातून शाळेच्या घंटेपर्यंत."

तिने खिडकीतून शाळेकडे पाहिलं, मग हातातला बटाटा पूर्ण केला. "जाऊ या," ती म्हणाली.

पहिल्या वर्षी सहाशे यार्डांनी तिची खोड जिरवली. वाऱ्याने गोळ्या डाव्या-उजव्या जातात हे तिने ऐकलं होतं आणि ते ती भराभर शिकली. कानावर वारा कसा लागतो, गवत कुठून लवतं, लांबच्या झेंड्याचं टोक कधी पडतं. पण तिच्या गोळ्या वर-खालीही जात होत्या. शंभर यार्डांवर कोटाच्या बटणात बसणाऱ्या गोळ्या इथे शिडी लावल्यासारख्या एकाखाली एक लागत. वारा काही वर-खाली ढकलत नाही. म्हणजे कुठली गोळी जोरात सुटत होती, कुठली हळू. शंभरावर तो फरक दिसायला वाव नव्हता, सहाशेवर तो उघडा पडत होता.

दारू तर तोललेली. टोप्या एकाच पेटीतल्या. सिग्नी दोन महिने या एका कोड्यापाशी अडली. रागावली नाही, वैतागली नाही. औषधाच्या दुकानात हिशेब जुळला नाही की ती जशी एकेक बाटली खाली काढून बघायची, तशीच बघत राहिली. मग एका दुपारी गोळ्या दाबून बसवताना तिला यंत्राचा दांडा वेगवेगळा लागला. एक गोळी लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली, पुढची अडखळत गेली. तिने दांडा सोडला आणि डोळे मिटून पुढच्या दहा बसवल्या, नुसत्या हाताने ऐकत. पुंगळ्यांच्या, जिथे गोळी अडकते त्या मानाच सारख्या नव्हत्या. पितळ दर वेळी तापून, ताणून हळूहळू कडक होत जातं. तीनदा झाडलेली पुंगळी गोळीला एका ताकदीने धरते, आठदा झाडलेली दुसऱ्या. आणि तिने वजनाच्या नादात नव्या-जुन्या सगळ्या एकत्र ठेवल्या होत्या.

"लॉयड!" तिने हाक मारली. "अरे, वय बघायचं राहिलं!"

"कुणाचं?" तो धावत आला.

त्यानंतर तिच्या पुंगळ्यांना जन्मतारखा मिळाल्या. एकदा झाडलेल्या एका डब्यात, दोनदा झाडलेल्या दुसऱ्यात. डबा सोडून पुंगळी कुठे जायची नाही. शिडी मोडली. १९७३ च्या स्पर्धेत ती तिसरी आली. ड्वाइटने टोपीला हात लावून "शाबास, मिसेस ऑफ्टेडाल" म्हटलं, तेव्हा त्यात थट्टा किती आणि कौतुक किती ते लॉयडला ठरवता आलं नाही. सिग्नीने ठरवायचा प्रयत्नच केला नाही.

१९७४ ची स्पर्धा जुलैच्या तिसऱ्या शनिवारी होती. गुरुवारी दुपारी सिग्नीची सत्तर काडतुसं भरून झाली. काम सुरू करताना आणि संपवताना काट्यावर एक पितळी वजन ठेवून बघायचं, ही तिची क्वामेच्या काळापासूनची रीत. सुरुवातीला काटा बरोबर होता. शेवटी वजन ठेवलं तर तो चुकला, थोडासाच; पण चुकला.

तिने पारडं उचलून उलटं केलं. खालच्या बाजूला पिवळसर, चिकट, वाळलेला एक थेंब होता.

"लॉयड, तू इथे बसून काय खाल्लंस?"

लॉयडने वर्तमानपत्र खाली घेतलं. "मी? काही नाही. डोनट. अर्धाच." मग तिच्या तोंडाकडे बघून, "पाकातला."

"कधी?"

"तू भरत होतीस तेव्हा. मध्येच पारडं जरा बाजूला सरकवलं मी. ताटली ठेवायला."

सिग्नी खुर्चीत बसली. कुठल्या काडतुसापासून चूक झाली ते कळायला मार्ग नव्हता. आठव्यापासून? की साठाव्यापासून?

लॉयडचा चेहरा पडला होता, तरी त्याने किल्ला लढवला. "पारडं जड झालं म्हणजे दारू कमीच पडली ना? जास्त तर नाही? धोका काही नाही. आणि एवढासा थेंब! कुणाला कळणार आहे?"

"मला."

"अगं, पण परवा स्पर्धा आहे."

"म्हणून आत्ता लागू या. ती गोळ्या उपटायची हातोडी आण. आणि हात धुऊन ये, साबणाने."

सत्तरच्या सत्तर काडतुसं तिने उघडली. लॉयड हातोडी आपटून गोळ्या काढत होता, ती दारू परत डब्यात ओतत होती. पुन्हा भरायला ती शुक्रवारी सकाळी न्याहारी आटोपून बसली. गोळ्या उपटताना तिसांवर चरे पडले होते. त्या तिने बाजूला टाकल्या. उरल्या चाळीस. स्पर्धेला तीन फेऱ्या, दर फेरीला दहा गोळ्या, आणि आधी नेम बघायला दोन-दोन. म्हणजे छत्तीस. चार जास्तीच्या. तिला तेवढ्या पुरेशा वाटल्या.

शनिवारी ऊन असं पडलं की मैदानावरचा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा वाटत होता. सिग्नीने आपली डबी ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीच्या सावलीत ठेवली. ड्वाइटची डबी त्याच्या गाडीत पुढच्या काचेमागे उन्हात पडली होती. तिने ते पाहिलं, पण ज्याची डबी त्याची डबी.

लॉयडही स्पर्धेत होता, त्याच्या रायफलची काडतुसं सिग्नीनेच आदल्या आठवड्यात भरली होती; पण सकाळी लाकडी फळ्या उतरवताना त्याची पाठ धरली आणि तो खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देऊ लागला. दोन फेऱ्या झाल्या. ड्वाइट एकशे नव्वद, सिग्नी एकशे एकोणनव्वद. बाकीचे बरेच मागे होते.

दुसऱ्या फेरीच्या शेवटी ड्वाइट तिच्या शेजारच्याच चटईवर होता. झाडलेली पुंगळी बाहेर काढायला रायफलचा दांडा उघडताना त्याला जोर लावावा लागत होता. शेवटच्या दोन वेळा तर त्याने तळहाताने दांडा ठोकून उघडला. त्याची एक रिकामी पुंगळी घरंगळत सिग्नीच्या कोपरापाशी आली. तिने ती उचलली. बुडातली टोपी पार चपटी होऊन कडेपर्यंत पसरली होती आणि शेजारी पितळावर एक चकाकणारी घासलेली खूण होती. ती उठली आणि ड्वाइटपाशी गेली.

"ड्वाइट, ही काडतुसं तू कधी भरलीस?"

"मार्चमध्ये. का? कृती हवीय?"

"किती दारू?"

त्याने आकडा सांगितला. पुस्तकातला शेवटचा आकडा, आणि वर चिमूटभर. "मार्चमध्ये मस्त चालत होती," तो म्हणाला.

"मार्चमध्ये बर्फ होतं. आज तुझी डबी सकाळपासून काचेमागे भाजतेय. तापलेली दारू जास्त जोरात फुटते. हे बघ." तिने पुंगळी त्याच्या हातावर ठेवली. "आता एकही झाडू नकोस."

आजूबाजूची दोन-चार माणसं वळली. ड्वाइट हसला, पण पुंगळी त्याने हातातच ठेवली. "मिसेस ऑफ्टेडाल, एका गुणाने मागे आहात म्हणून मला घाबरवताय?"

"हो, घाबरवतेय," सिग्नी म्हणाली. "तुझा गाल त्या लोखंडावर टेकलेला असतो. पितळ फाटलं, तर ती सगळी आग कुठे जाणार? तुझ्या बायकोने मला विचारलं की तुम्ही शेजारीच होता ना, तर मी काय सांगू? की एक गुण मागे होते म्हणून गप्प बसले?"

ड्वाइटने पुंगळी उन्हात धरून पुन्हा पाहिली. अंगठ्याने टोपीवरून घासून पाहिलं. त्याला नेमबाजी कळत होती, म्हणूनच ती खूणही त्याला कळली.

"माझ्याकडे दुसरी नाहीत," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे झालं माझं."

सिग्नी लॉयडकडे वळली. "तुझी डबी कुठेय?"

"माझी? खुर्चीखाली. सावलीत." लॉयडला एकदम कळलं आणि त्याने भुवया वर नेल्या. "सिग्नी, नक्की?"

"माझ्या रायफलसाठी भरलेली मी त्याला देणार नाही, ती माझ्याच रायफलच्या मापाची आहेत," ती म्हणाली. "पण लॉयडची कारखान्याच्या पूर्ण मापाला आणलेली आहेत, त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत बसतील, आणि दारू बेताची. तुझी रायफल त्याच जातीची आहे, ड्वाइट. आधी ती गार होऊ दे. मग एक घालून दांडा सहज बसतो का ते बघायचं. जरा अडला तर नाही. पहिल्या गोळीनंतर पुंगळी मला दाखवायची."

मैदानाचे प्रमुख, ऑर्व्हिल नावाचे वयस्क गृहस्थ, जवळ आले. "नियमांत बसतं," ते म्हणाले. "पण सिग्नी, माझ्या आठवणीत असं कुणी केलेलं नाही."

"आधी जेवून घेऊ या का?" सिग्नी म्हणाली. "तोवर नळी गार होईल."

जेवणानंतर ड्वाइटच्या रायफलमध्ये लॉयडचं काडतूस बोटाच्या एका ढकलीने बसलं. पहिली गोळी गेली, दांडा अलगद उघडला. पुंगळी हातोहात सिग्नीकडे आली. टोपीच्या कडा गोल, पितळ स्वच्छ. तिने मान हलवली. दुसऱ्या गोळीत ड्वाइटने आपला नेम नव्या काडतुसाला जुळवून घेतला. यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग सिग्नी आपल्या चटईवर पालथी झाली आणि तिने शेजारचा माणूस डोक्यातून काढून टाकला. तिसरी फेरी वाऱ्याची होती. झेंडा चढायचा, पडायचा, मध्येच उलटा फिरायचा. तिने चाप घेण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ घातला. गोळ्या कुठे जातील याची तिला काळजी नव्हती. त्या तिने सांगितलं तिथेच जाणार होत्या. सांगताना आपण चुकायचं नाही, एवढंच काम होतं. सातव्या गोळीला वाऱ्याने तिला फसवलं आणि ती आठाच्या कड्यात गेली. आणखी दोन नवांत गेल्या. बाकीच्या सात मधोमध. शहाण्णव.

ड्वाइटचेही शहाण्णव झाले.

दोनशे शहाऐंशी आणि दोनशे पंच्याऐंशी. ऑर्व्हिलनी आकडे दोनदा वाचले. ड्वाइट सातव्यांदा जिंकला होता. टाळ्या पडल्या, पण जरा चाचरत. लोकांना आधी कुणाकडे बघावं ते कळेना. लॉयडने ती अडचण सोडवली. धरलेल्या पाठीनिशी तो खुर्चीतून उठला आणि ओरडला, "पहिला नंबर आमच्या स्वयंपाकघराचा! दुसराही!"

मग मात्र सगळे हसले, ड्वाइटसुद्धा. तो चषक घेऊन सरळ सिग्नीकडे आला आणि त्याने तो तिच्यापुढे धरला.

"हा तुझा आहे, सिग्नी." इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती.

"मुळीच नाही. वारा तू वाचलास, चाप तू ओढलास. काडतुसं काय, ती मी पुढच्या वर्षी आणखी चांगली भरणार आहे." तिने हात पुसले. "तुझी उरलेली किती आहेत?"

"ऐंशीच्या वर."

"सोमवारी घेऊन ये. झाडायची नाहीत, उघडायची."

तो सोमवारी आला. दुपारपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने ती सगळी काडतुसं उघडली, आणि प्रत्येकातली दारू सिग्नीने त्याच्याकडूनच तोलून घेतली. मार्चमध्ये आपण सगळ्यांत सारखीच दारू घातली होती, असं त्याला वाटत होतं. विसाव्या पुंगळीनंतर त्याने तसं म्हणणं सोडलं. जेवायला तिने त्याला थांबवून घेतलं, तेव्हा लॉयडने त्याच्या पानात दुसऱ्यांदा रस्सा वाढताना विचारलं, "आता सांग, नळी वाकडी होती का रे?"

"गप बस, लॉयड," ड्वाइट म्हणाला आणि खाली मान घालून जेवू लागला.

"आता भरायला शिकव," जेवण झाल्यावर तो सिग्नीला म्हणाला.

"आज नाही. आज तुझे हात दुखतायत, ते घाई करतील. शनिवारी ये."

त्या शनिवारी तो आला, पुढच्या शनिवारी आणखी दोघांना घेऊन आला. हिवाळ्यापर्यंत स्वयंपाकघर पुरेना, तेव्हा चर्चच्या तळघरातली लांब टेबलं मागून घेतली. अकरा माणसं होती, त्यांत चार बायका. पहिल्या दिवशी सिग्नी कुणालाही दारूला हात लावू देत नसे. त्या दिवशी फक्त पुंगळ्या बघायच्या, बोटांनी चाचपायच्या, वेगळ्या करायच्या. कंटाळून उठणारे उठून जात. जे राहत त्यांची तिला खात्री वाटे.

ती स्वतः १९७६ मध्ये राज्याच्या स्पर्धेला गेली. चौपन्न वर्षांची होती. साठ स्पर्धकांत चौथी आली. परतीच्या वाटेवर लॉयड गाडी चालवत होता आणि पहिल्या तिघांच्या महागड्या रायफलींबद्दल सारखी कुरकुर करत होता. सिग्नीचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटच्या फेरीचा कागद तिने मांडीवर पसरला होता. दहा भोकं, वाऱ्याने डावी-उजवीकडे थोडी सांडलेली, पण उंचीला सगळी एका रेषेत, जणू पट्टी धरून मारलेली.

"काय बघतेस एवढं?" लॉयडने विचारलं.

"काम," ती म्हणाली, आणि मैल दोन मैल तो कागद तसाच मांडीवर ठेवून ती बसून राहिली.